अपडेट न करता फोन रीस्टोर कसा करायचा? बटण दाबण्याआधी हे वाचा

गणपतीला मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या बॅगेत मिठाईच्या बॉक्सबरोबर बऱ्याचदा एक जुना फोनही असतो. स्वतःला नवा घेतला, जुना आता आई-बाबांना. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, कुठेही जा, घरातल्या मोठ्या माणसांचा पहिला स्मार्टफोन बहुतेक वेळा असाच आलेला असतो. फोन द्यायच्या आधी तो साफ करायला हवा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. पण बाबांची अट असते: "माका अपडेट नको हा, फोन तेवढो साफ करून दी."

अट अडाणीपणाची नाही. ३२ जीबीच्या फोनमध्ये नवी आवृत्ती टाकली की फोटोंना जागा उरत नाही. अपडेटची फाइल कित्येक जीबींची, आणि घरात रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक, तोही पडवीच्या एका कोपऱ्यात रेंज आली तर. शिवाय जुन्या फोनवर नवी ओएस जड होते ही तक्रार हवेतली नाही. जानेवारी २०१७ मधल्या आयओएस १०.२.१ पासून बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने मुद्दाम कमी केला जात होता, हे ॲपलने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मान्य केलं. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने अशाच अपडेट प्रकरणात ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड ठोठावला. सॅमसंगच्या बाबतीत विषय नोट ४ वरच्या अपडेटचा होता, ॲपलच्या बाबतीत आयफोन ६ मालिकेचा.

तर मुद्द्याचं: ओएस न बदलता फोन साफ करता येतो का? येतो. बहुतेक फोनवर अगदी सहज येतो. पण आयफोनवर हे काम फोनमधूनच करावं लागतं. कॉम्प्युटरला जोडून "रीस्टोर" दाबलंत की ओएस बदललीच म्हणून समजा, आणि मग मागे येण्याचा रस्ता जवळपास नसतो.

एकच शब्द, तीन वेगळी कामं

गोंधळ "रीस्टोर" या शब्दापासून सुरू होतो. दुकानदार, यूट्यूबवाले आणि खुद्द कंपन्या हा शब्द तीन अर्थांनी वापरतात. पहिलं काम म्हणजे फोनमधला आपला डेटा पुसणं. दुसरं म्हणजे ओएस मुळापासून पुन्हा टाकणं, ज्याला आपल्याकडे "सॉफ्टवेअर मारणं" म्हणतात. आणि तिसरं, बॅकअपमधून फोटो, चॅट वगैरे परत आणणं. बाबांना पहिलं काम हवंय. दुकानात फोन दिला तर दुसरं होण्याची शक्यता जास्त, कारण केबल लावून सॉफ्टवेअर मारणं ही तिथली रोजची सवय. त्यामुळे दुकानात "रीस्टोर करा" असं मोघम सांगू नका. "कॉम्प्युटरला न जोडता, सेटिंग्जमधूनच इरेज करा" असं सांगा.

आयफोन: फोनमधून इरेज

आयफोनमध्ये ओएस आणि तुमचा डेटा एकाच मेमरी चिपवर असले तरी वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. सेटिंग्जमध्ये जनरल, मग ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन, मग इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज. (आयओएस १४ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर जनरलखाली नुसतं रीसेट दिसेल.) हे केल्यावर फक्त डेटाचा कप्पा रिकामा होतो. फोनवर आयओएस १६.३ असेल तर साफ झाल्यावरही १६.३ च राहते.

हे काम काही मिनिटांत कसं होतं, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. १२८ जीबी इतक्या लवकर पुसले जातात? पुसले जात नाहीत. आयफोनवरचा डेटा आधीपासूनच एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कुलूपबंद असतो. इरेज करताना फोन त्या कुलपाची किल्लीच नष्ट करतो. फाइलींचे तुकडे चिपवर काही काळ पडून राहिले तरी ते वाचणं शक्य नसतं. म्हणूनच "रीसेटनंतर फोटो परत मिळवून देतो" म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरला पैसे देऊ नका. आजच्या अँड्रॉइड फोनलाही हेच लागू आहे.

इरेज करण्याआधी दोन गोष्टी बघा. सेटिंग्जच्या आयफोन स्टोरेजमध्ये एखादं अपडेट आधीच डाउनलोड होऊन बसलंय का? बसलं असेल तर ते तिथून डिलीट करा. आणि जुन्या मालकाचा ॲपल आयडी साइन आउट झालाय ना? नसेल तर ॲक्टिव्हेशन लॉक लागतो (२०१३ च्या आयओएस ७ पासून हा प्रकार आहे) आणि मुलगा मुंबईला परत गेल्यावर आई-बाबांच्या हातात नुसती काच उरते.

नंतर फोन सुरू करताना अजून एक सापळा आहे. नव्या फोनवरून जुन्यावर डेटा थेट आणायला गेलात आणि नव्यावर आयओएस पुढची असेल, तर फोन आधी अपडेट कर म्हणतो. बॅकअपचंही तसंच: नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही. म्हणून आई-बाबांचा फोन कोरा सुरू करणंच बरं. एकदा होम स्क्रीन आली की सॉफ्टवेअर अपडेटमध्ये जाऊन ऑटोमॅटिक अपडेट्स बंद करा. आधी बंद केलं होतं, असं म्हणून सोडू नका. साफ झाल्यावर ती सेटिंगही गेलेली असते.

कॉम्प्युटरवरून केलं तर काय होतं

मॅकवर फाइंडर (किंवा जुन्या मॅकवर आयट्यून्स) आणि विंडोजवर ॲपल डिव्हाइसेस किंवा आयट्यून्स, यांतलं रीस्टोर आयफोन हे बटण ॲपलची त्या मॉडेलसाठीची सगळ्यात ताजी आयओएस उतरवून घेतं आणि तीच टाकतं. रिकव्हरी मोडमध्ये अपडेट आणि रीस्टोर असे दोन पर्याय दिसतात. अपडेटने डेटा राहतो, रीस्टोरने जातो, पण ताजी ओएस दोन्हीत येते.

"मग जुन्या आवृत्तीची फाइल शोधून तीच टाकू" हा पुढचा विचार. फाइल मिळते, ती निवडण्याची सोयही आहे: मॅकवर ऑप्शन आणि विंडोजवर शिफ्ट दाबून रीस्टोरवर क्लिक करायचं. अडतं पुढे. टाकताना तुमचा फोन स्वतःचा खास क्रमांक आणि त्या वेळेपुरता तयार केलेला एक आकडा ॲपलच्या सर्व्हरला पाठवतो, आणि सर्व्हरने त्या आवृत्तीवर डिजिटल सही केली तरच ती बसते. नवी आवृत्ती आली की जुनीवर सही करणं ॲपल साधारण आठ-पंधरा दिवसांत बंद करतं. सही नाही, तर फाइल असूनही उपयोग नाही.

यावर तोडगा काढायची धडपड जुनी आहे. जेलब्रेकवाल्यांच्या जगातला सिडिया बनवणारा जे फ्रीमन २००९ पासून लोकांच्या फोनच्या अशा सह्या आपल्या सर्व्हरवर साठवून ठेवत होता, म्हणजे नंतर त्याच सह्या पुन्हा दाखवता येतील. २०११ च्या आयओएस ५ पासून ॲपलने सहीत तो दर वेळी बदलणारा आकडा घातला आणि जुनी सही पुन्हा वापरणं अवघड झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये "चेकमेट" नावाची त्रुटी जाहीर झाली, ए५ ते ए११ चिपमधली, जी चिपमध्येच कोरलेली असल्याने अपडेटने बुजवता येत नाही. तिच्या आधारे आजही आयफोन एक्सपर्यंतच्या फोनवर प्रयोग चालतात. शिकायचं असेल तर विषय भारी आहे, स्वतःच्या पडून असलेल्या फोनवर जरूर करा. आईच्या यूपीआयच्या फोनवर करू नका.

एक दिलासा. आयफोन ७ ची शेवटची मोठी आवृत्ती आयओएस १५, आयफोन ८ आणि एक्सची आयओएस १६. तुमचा फोन आधीच आपल्या शेवटच्या मोठ्या आवृत्तीवर असेल तर कॉम्प्युटरवरून रीस्टोर करूनही फक्त सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्या येतील. तिथे एवढी धास्ती घ्यायचं कारण नाही.

पासकोड आठवत नसेल तर

इथे लोक घाबरून थेट रिकव्हरी मोडकडे जातात आणि ओएस गमावतात. आधी हे करून बघा. आयओएस १५.२ किंवा पुढची आवृत्ती असेल तर बऱ्याच वेळा चुकीचा पासकोड घातल्यावर लॉक स्क्रीनवरच इरेजचा पर्याय येतो. इंटरनेट चालू हवं आणि ॲपल आयडीचा पासवर्ड माहीत हवा. दुसरा मार्ग: फोन नेटला जोडलेला असेल आणि फाइंड माय चालू असेल, तर दुसऱ्या कुठल्याही फोनवरून आयक्लाउडमध्ये लॉगिन करून तो लांबून इरेज करता येतो. दोन्ही मार्गांत आयओएस तीच राहते. अँड्रॉइडला गूगलच्या फाइंड हबमधून असंच करता येतं, पण नंतर फोन तेच जुनं गूगल खातं मागणार.

अँड्रॉइड: नाव फॅक्टरी, पण आवृत्ती फॅक्टरीची नाही

अँड्रॉइडवाल्यांचा प्रश्न बराच सोपा आहे. फॅक्टरी रीसेटने ओएस पुढेही जात नाही आणि मागेही जात नाही. अनेकांना वाटतं, फोन बॉक्समधून अँड्रॉइड ११ सह निघाला होता, रीसेट केला की ११ वर जाईल. तसं होत नाही. मध्ये १३ टाकलं असेल तर १३ च राहील, कारण अपडेटने सिस्टीमचा कप्पाच बदलून टाकलेला असतो आणि रीसेट त्याला हात लावत नाही. फोनबरोबर आलेली ॲप मात्र सिस्टीममध्ये होती त्या आवृत्तीवर परततात आणि मग प्ले स्टोर दोन-तीन तास अपडेट उतरवत बसतो. त्यासाठी वाय-फाय शोधून ठेवा.

सॅमसंगमध्ये जनरल मॅनेजमेंटमध्ये रीसेट, शाओमीत अबाउट फोनमध्ये फॅक्टरी रीसेट, बाकी बऱ्याच फोनमध्ये सिस्टीमखाली रीसेट ऑप्शन्स. मेमरी कार्ड असेल तर आधी काढून घ्या. "अपडेट तयार आहे, रीस्टार्ट करा" अशी सूचना वर लटकत असेल, तर त्या अर्धवट अवस्थेत रीसेट करू नका. रीसेटमध्ये फोन रीस्टार्ट होतोच, आणि अपडेटचं काय होणार हे मग फोन ठरवतो.

शक्यतो सेटिंग्जमधूनच करा. पॉवर आणि व्हॉल्यूम अप दाबून रिकव्हरीतून रीसेट केलं तर अँड्रॉइड ५.१ पासूनचं एफआरपी कुलूप लागतं आणि फोन जुन्या मालकाचं गूगल खातं विचारतो. अनेक नव्या सॅमसंग फोनमध्ये रिकव्हरी उघडायलाही फोन केबलने कॉम्प्युटरला जोडलेला असावा लागतो. इथे केबल लावल्याने ओएस बदलत नाही, आयफोनशी गल्लत नको.

फोन सुरूच होत नसेल, लोगोवरच अडकत असेल आणि रिकव्हरीतल्या रीसेटनेही उठत नसेल, तर मात्र सॉफ्टवेअर मारावं लागतं. तेव्हा त्याच आवृत्तीची फाइल घ्यायची. सॅमसंगच्या बिल्ड नंबरमध्ये मागून पाचवं अक्षर बघा, तो बूटलोडरचा क्रमांक. त्याहून कमी क्रमांकाची फाइल फोन घेत नाही. ओडिनमध्ये सीएससी फाइल निवडली तर डेटा जातो, होम सीएससी निवडली तर राहतो. शाओमीच्या मी फ्लॅशमध्ये खालच्या ओळीत "क्लीन ऑल अँड लॉक" आधीच निवडलेलं असू शकतं, ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसऱ्या देशाचं रॉम टाकून बूटलोडर लॉक झाला तर फोन उठत नाही. पिक्सेल वापरत असाल तर लक्षात ठेवा, ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए वर अँड्रॉइड १३ आल्यानंतर १२ वर परतायची वाट बंद झाली.

आधी बटण आणि पोर्ट बघा

किनाऱ्यावरच्या फोनची एक वेगळी भानगड असते. फोन आपोआप रिकव्हरी किंवा फास्टबूटमध्ये जातोय म्हणजे सॉफ्टवेअर बिघडलं, असं गृहीत धरलं जातं. पण देवबाग-तारकर्लीच्या खाऱ्या हवेत व्हॉल्यूमचं बटण आतून गंजून दाबलेलंच राहिलं, तरी फोन सुरू होताना तेच करतो. अशा फोनला सॉफ्टवेअर मारून काही होत नाही, बटण साफ करून होतं. आणि "माझा फोन वॉटरप्रूफ आहे" म्हणून पाण्यात नेणाऱ्यांसाठी: आयपी ६८ ची चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या नाही.

चार्जिंग पोर्ट गंजलेला असेल तर कॉम्प्युटरवरून काही करायलाच जाऊ नका. आयफोन रीस्टोर होताना केबल क्षणभर जरी सुटली तरी फोन रिकव्हरीत अडकतो, आणि तिथून बाहेर पडायचा रस्ता बहुतेक वेळा ताज्या आयओएसमधूनच जातो. पावसाळ्यात लाइट जाते तेव्हाही हेच. त्यात कॉम्प्युटर फाइल उतरवत असताना १५ मिनिटांहून जास्त वेळ लागला की आयफोन रिकव्हरी मोडमधून बाहेर येतो. घाबरू नका, डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि मग पुन्हा त्या मोडमध्ये न्या. आपल्याकडच्या नेटवर १५ मिनिटांत काम होण्याची आशा मी तरी ठेवत नाही.

ओएस जुनी राहिली, पण ॲप?

हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. साफ केलेल्या फोनवर ओएस तीच असते, पण ॲप आता आजच्या नियमांनी येतात. व्हॉट्सॲपने ५ मे २०२५ पासून आयओएस १५.१ च्या आधीच्या आवृत्त्या बंद केल्या. त्यामुळे आयओएस १२ वर थांबलेला आयफोन ६ कितीही छान साफ केला तरी त्यावर व्हॉट्सॲप चालणार नाही. असा फोन आई-बाबांना देण्यात अर्थ नाही.

बाकी काही ॲपना ॲप स्टोर "या फोनला चालणारी शेवटची आवृत्ती देऊ का?" असं विचारतो. पण ही सोय त्या ॲपल आयडीने ते ॲप पूर्वी कधी घेतलेलं असेल तरच मिळते. बाबांसाठी नवाकोरा ॲपल आयडी काढलात तर जुनी आवृत्ती मिळणारच नाही, आणि काल त्याच फोनवर चालणारं बँकेचं ॲप आज उतरत नाही. म्हणून इरेज करण्याआधी बाबांना लागणाऱ्या ॲपची यादी करा आणि प्रत्येकाला किमान कुठली ओएस लागते ते स्टोरमध्ये बघून घ्या. एखादं अडत असेल तर अपडेट करायचं की फोन तुमच्याकडेच ठेवायचा, ते इरेज करण्याआधी ठरवा.

माझं मत विचाराल तर, पैशांचे व्यवहार होणाऱ्या फोनवर मोठी आवृत्ती टाळा, पण सुरक्षेचे छोटे पॅच टाळू नका. शाओमी, सॅमसंगवर महिन्याचा किंवा तिमाहीचा पॅच येतो, तो सहसा काहीशे एमबींचा असतो आणि फोनचा चेहरामोहरा बदलत नाही.

इरेज दाबण्याआधी

फोटो गूगल किंवा आयक्लाउडवर गेलेत असं समजू नका, दुसऱ्या फोनवर उघडून बघा. व्हॉट्सॲपमध्ये आजीचे मालवणीतले व्हॉइस मेसेज असतील, दशावताराचे रात्री काढलेले व्हिडिओ असतील, आणि ते फक्त याच फोनवर असतील. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गूगलच्या १५ जीबीत मोजला जातो, त्यामुळे खातं भरलेलं असेल तर तो कित्येक महिन्यांपूर्वी थांबलेला असू शकतो. शेवटची तारीख व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये दिसते. नेट कमी असेल तर क्लाउडच्या नादी न लागता केबलने करा: फोनच्या स्टोरेजमध्ये अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात व्हॉट्सॲपचं फोल्डर. ते अख्खं लॅपटॉपवर कॉपी करून ठेवा. रीसेटनंतर व्हॉट्सॲपमध्ये नंबर टाकण्याआधी त्याच जागी परत ठेवलं आणि नंबर तोच असला तर चॅट परत येतात.

ई-सिम असेल तर इरेज करताना फोन विचारतो, ई-सिम ठेवू की काढू. ठेवा म्हणा. काढलं तर नवं घेण्यासाठी कंपनीशी झगडावं लागेल, आणि त्यासाठीचा ओटीपी त्याच नंबरवर येणार.

आणि वेळ बघून करा. साफ केलेला आयफोन सुरू व्हायला ॲपलच्या सर्व्हरशी बोलावं लागतं, एफआरपी लागलेल्या अँड्रॉइडला गूगलशी. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा वीज आणि मोबाईल नेटवर्क दोन्ही कोलमडलं होतं. अशा दिवसांत नुकताच इरेज केलेला फोन हातात असेल तर त्यावरून साधा फोनही लावता येत नाही. पावसाचा इशारा असेल तर दोन दिवस थांबा.

यूपीआय सगळ्यात शेवटी. रीसेटनंतर ॲप तुमच्या सिमवरून एक एसएमएस स्वतः पाठवून नंबर पडताळतं. वाय-फाय कितीही जोरात असलं तरी हा मेसेज सिमच्या रेंजवरूनच जातो. दोन सिम असतील तर बँकेत नोंदवलेलं सिम निवडा, त्यात एसएमएस जाण्याइतका बॅलन्स आहे का ते बघा, आणि घरात जिथे दोन दांड्या तरी येतात तिथे उभे राहून करा. जुना पिन लक्षात असेल तर तोच चालतो. विसरला असेल तर डेबिट कार्ड जवळ घेऊन बसा, म्हणजे सुट्टी संपून कोकणकन्या पकडायच्या आत बाबांच्या फोनवरून एक रुपया पाठवून बघता येईल.